वहीत नसलेला फुलटोच्या

बसलीस? मग मी बोलते तसंच लिही. मधे मधे सुधारायचं नाही.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा मामाआजोबा, त्याला अख्खी गल्ली घड्याळजी म्हणते. चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे त्याचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाट म्हण. दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. गिऱ्हाईक आत आलं तर स्टूल उचलून बाहेर ठेवावं लागतं. चाळीस वर्षं तो तिथे एका डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतोय. लहानपणी आईचं गजराचं घड्याळ उघडलं होतं त्याने. मार मला बसला, कारण मी मोठी, लक्ष ठेवायचं काम माझं. पण घड्याळ परत चालू केलं हो त्याने! दोन चाकं हातात उरली होती, तरी चालू केलं.

खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जन्माचा रोग. गिऱ्हाईक म्हणतं दुरुस्त करा, हा म्हणतो यात जीव नाही, पैसे घालवू नका. माझी भावजय म्हणते, "दुकानावर पाटीच लावा, इथे घड्याळं परत पाठवली जातात." पण त्यामुळेच लोकांचा विश्वास. घड्याळजीने सांगितलं ना, मग तेवढेच वाजले.

आणि दुसरं वेड पाखरांचं. दर रविवारी सकाळी मोठ्या बागेच्या फाटकाशी सात-आठ जण जमतात आणि हा त्यांना पाखरं दाखवत फिरवतो. दाखवतो म्हणजे काय, ऐकवतो. पाखरू दिसतं कुठे सुखासुखी? पानात दडून बसतं. हा मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "डावीकडे, तिसरं झाड, मधली फांदी, हळद्या." आणि असतोच तिथे हळद्या! पिवळाधमक. लोक आ वासून बघतात. घड्याळाची टिकटिक ऐकून चाळीस वर्षं कान तयार झालेले ना.

थंडी सरली, झाडांना कोवळी पानं फुटली की यांची मोजणी असते. तीन रविवार. तेव्हा नियम फार कडक. फेरीत कुणी तोंड उघडायचं नाही. घड्याळजी ऐकणार, पाखराचं नाव सांगणार, आणि वहीवाल्या बाई लिहिणार. वहीवाल्या बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई, अक्षर मोत्यासारखं आणि आवाज करवतीसारखा. दहा जणांनी दहा नावं सांगितली तर वहीचा बाजार होईल, म्हणून वहीला एकच कान. हा नियमही आमच्या भावानेच केलेला. फेरी झाली की फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं, कोण कोण दिसलं, किती दिसले. येणारे-जाणारे वाचतात.

आता मूळ गोष्ट.

त्या बागेत एक एवढंसं पाखरू असायचं, फुलटोच्या. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. रंग म्हणशील तर धुवून धुवून विटलेल्या फडक्याचा. झाडांवर बांडगुळं वाढतात ना, दुसऱ्याच्या जिवावर जगणारी, त्यांची फळं खायची आणि उंच शेंड्यावर राहायचं. पूर्वी मोजणीत वीस-पंचवीस निघायचे. मग एका वर्षी चार. पुढच्या वर्षी एकही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लागलं, फुलटोच्या बागेतून गेला. पेपरवाल्यांनी छापलं. मग लोक पेटले. कशाने गेला, कोणी घालवला? कुणीतरी म्हणालं, माळी औषध मारतो. झालं! सगळं खापर माळ्याच्या डोक्यावर.

माळी एकोणीस वर्षांपासूनचा जुना माणूस त्या बागेतला. तो म्हणत होता, "अहो, मी गुलाबांच्या माव्यावर साबणाचं पाणी मारतो, ते या कमरेएवढ्या झाडांवर. पन्नास फुटांवरचं पाखरू त्याने कसं मरेल?" ऐकतंय कोण. बागेच्या ऑफिसने या मोजणीवाल्यांकडून पत्र मागितलं. पत्र बाईंनी लिहिलं, सही माझ्या भावाने केली. त्यात खोटं काहीच नव्हतं बघ. एवढंच लिहिलं होतं की दोन वसंतात एकही फुलटोच्या आढळला नाही. पण तेवढं पुरलं. माळ्याला घरी बसवलं. नंतर तो बस डेपोत बस धुवायला लागला.

या वर्षी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना चालायला सांगितलं. भाऊ म्हणाला, "ताई, रविवारी आमच्याबरोबर चल. हळूच चालतो आम्ही."

मी म्हटलं, "तुमच्यात बोलायचं नसतं. मी मरेन."

"तासाभरात कुणी मरत नाही."

"तुला काय माहीत!"

गेले. पहिल्या मोजणीचाच रविवार. फाटकाशी बाई वही घेऊन, बँकेतले एक काका टोपी घालून, एक नवराबायको गळ्यात एवढ्या मोठ्या दुर्बिणी लटकवून. अजून दोन-तीन जण. सगळे मुकाट चालताहेत, जसं कुणाच्या घरी आजारी माणूस झोपलंय. माझ्या चपलेचा आवाज झाला तरी बाई वळून बघायच्या. भाऊ एक एक नाव सांगत होता. तांबट. दयाळ. कोकीळ दोन. बाईंची पेन्सिल खरखर चालली होती.

मोठ्या झाडांच्या खाली आलो आणि मला वरून आवाज आला. कटकटकटकट. कात्रीच्या टोकाने कुणी भराभर दोरे कातरावे तसा. थांबायचा, पुन्हा सुरू. मी वाट बघितली, आता हा नाव सांगेल, मग सांगेल. हा पुढे चालला!

मला कुठलं राहवतंय? मी म्हटलं, "अरे, वर काय कटकट करतंय?"

बाईंनी ओठावर बोट ठेवलं. भाऊ थांबला, मान तिरकी केली, डोळे मिटले. तो कटकट्या तेव्हाही चालूच होता, आमच्या डोक्यावर. भाऊ म्हणाला, "काही नाही ताई."

"काही नाही काय? कान खातोय माझे!"

"कुठे?"

मी काठीनेच दाखवलं. त्या फाट्यावर बांडगुळाचा झुपका आहे ना, तिथे. त्याने दुर्बीण लावली. बराच वेळ लावून ठेवली. मला वाटलं आता म्हणेल, ताई, खारुताई आहे ती. पण नाही. मग त्याने दुर्बीण डोळ्यावरच ठेवून हळूच विचारलं, "ताई, आत्ता आवाज येतोय?"

"येतोय की."

"आता?"

"आता थांबला."

"आता?"

"आता पुन्हा लागलाय. अरे, काय चाललंय तुझं?"

त्याने दुर्बीण खाली घेतली. त्याचा चेहरा, मी काय सांगू तुला, धुतलेल्या पाटीसारखा कोरा. म्हणाला, "चोच उघडते त्याची. गळा हलतो. मला दिसतंय. मला काहीच ऐकू येत नाही."

मी वेडी, मीच विचारलं, "पण आहे कोण तो?"

"फुलटोच्या," तो म्हणाला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ते मी नुसतं म्हणत आले होते आयुष्यभर. त्या दिवशी खरंच काठी घट्ट धरावी लागली. कारण मला माळी आठवला.

भावाने मग एकेकाला विचारलं. आधी बाईंना. "बाई, तुम्हाला ऐकू येतो हा?"

बाईंचा करवतीसारखा आवाज कुठल्या कुठे गेला. "येतो. म्हणजे, मला वाटायचं किडा आहे कुठलातरी. तुम्ही कधी नाव सांगितलं नाही, म्हणून लिहिलं नाही."

"गेल्या वर्षी यायचा?"

"यायचा."

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

बाईंनी नुसती मान डोलावली. बँकेतले काका म्हणाले, मीही ऐकलाय. दुर्बीणवाली म्हणाली, "मी ह्यांना एकदा विचारलं होतं, हे काय वाजतंय, तर हे म्हणाले गप, मोजणी चालू आहे." तिचा नवरा जमिनीकडे बघत होता. अगं, सगळ्यांना ऐकू येत होतं! सगळ्यांना! आणि प्रत्येकाला वाटलं, घड्याळजींना येतच असणार, ते सांगत नाहीत म्हणजे मोजण्यासारखं काही नसणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन वर्षं.

घरी आलो. भावजयीला सांगितलं तर ती काय म्हणते, "मला शंका होती."

"शंका होती?" भाऊ म्हणाला. "कसली?"

"थर्मामीटर वाजतो तो तुम्हाला कळत नाही. बॅटरीच्या घड्याळाची टीटीटी कळत नाही. मी हाक मारली की ओ देता, म्हणून मी म्हटलं लक्ष नसेल. आणि दुकानात ते दाताचं."

"दाताचं काय?" मी विचारलं.

तर ऐक. बायकांची छोटी घड्याळं दुरुस्त झाली की हा आधी कानाला लावायचा. अलीकडे दातांत धरायचा. टिकटिक दातांना कळते म्हणे, हाडातून. गिऱ्हाइकं हसायची, घड्याळजी घड्याळ चावून बघतात, सोनं आहे का म्हणून. मीसुद्धा हसले होते. त्याला स्वतःला कळलं नाही का? मी विचारलं तसं. तो म्हणाला, "ताई, हळूहळू गेलं. मला वाटलं नवी घड्याळंच हलक्या आवाजाची येतात." खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच तसं वाटलं होतं. घड्याळं मऊ झाली, पाखरं कमी झाली. स्वतःचे कान सोडून सगळ्यावर शंका घेतली त्याने.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं. म्हणाले, जाडे आवाज चांगले येतात, बारीक गेलेत, वयाने जातात. मला वाटायचं बहिरा म्हणजे बहिरा. असा अर्धामुर्धा बहिरा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या वाटणीत बघ, मोठीला गुडघे खराब आले आणि धाकट्याला कान.

मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बाई दुकानात आल्या. मी आतच होते, म्हणून स्टूल बाहेर नेऊन ठेवलेलं आणि बाई उंबऱ्यात. खूप गोड बोलत होत्या. म्हणाल्या, "घड्याळजी, मी रात्रभर विचार केला. आपण फळ्यावर लिहू, फुलटोच्या परत आला. आनंदाची बातमी आहे. खोटंही नाही. दिसला ना काल? पेपरवालेही छापतील. दोन वर्षांच्या वह्या, ते पत्र, ते सगळं उकरायचं कशाला? तुमचं चाळीस वर्षांचं नाव आहे."

मी तुला खरं सांगते, आणि हे लिहीच. मला पटलं! माझा भाऊ आहे. लोक त्याला हसतील, बहिरा पाखरं मोजत होता म्हणतील, त्याच्याकडे घड्याळं आणणार नाहीत. मीही म्हटलं, "धाकट्या, बाई म्हणतात ते काय वाईट आहे? आला म्हण परत. संपलं."

तो भिंग पुसत होता. पुसून पुसून म्हणाला, "परत आला लिहिलं, तर लोक काय म्हणतील ताई?"

"म्हणतील, बरं झालं."

"म्हणतील, बघा, माळ्याला काढला आणि पाखरू परत आलं."

माझ्या तर थोबाडीत बसल्यासारखं झालं. मी हा विचारच केला नव्हता. एवढा सरळ विचार, आणि माझ्या डोक्यात आला नाही, कारण मला माझा भाऊ दिसत होता, माळी दिसतच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर आम्ही संन्याशाला दुसऱ्यांदा लटकवायला निघालो होतो, तेही आनंदाची बातमी म्हणून!

बाई म्हणाल्या, "वही माझ्या हातची आहे. माझंही नाव जाईल."

"तुम्ही मी सांगितलं तेच लिहिलंत," भाऊ म्हणाला. "मी तसं लिहून देतो."

"मला ऐकू येत होतं," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. बाहेरच्या स्टुलाला अडखळून पडता पडता वाचल्या.

मंगळवारी आम्ही माळ्याकडे गेलो. मी मागे लागूनच गेले, हा एकटा गेला तर नुसता उभा राहील. डेपोच्या मागे दोन खोल्या. दारात माळ्याची बायको. भावाला बघून तिने दार अर्धं लावलं. "आता काय मोजायला आलात?" म्हणाली. मला काही बोलता येईना. मला! दातखीळ बसली माझी.

माळी बाहेर आला. ओल्या पँटचे पाय दुमडलेले. भावाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कान, पत्र, दोन वर्षं. एक शब्द वगळला नाही, एक शब्द वाढवला नाही, जसं गिऱ्हाइकाला सांगतो तसं. माळी ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला ऐकू यायचा तो."

"काय?"

"रोज. शिडीवर चढलो की कानाशीच ओरडायचा. मी सांगितलं होतं वहीवाल्या बाईंना. म्हटलं, बाई, बांडगुळाची फळं कोण खातं मग? चिकट बिया फांद्यांवर पडतात त्या कुणाच्या? त्या म्हणाल्या, तुम्ही पाखरांतलं काय सांगता, घड्याळजी ऐकतात ना. मग मी म्हटलं, असेल बुवा. मलाच नाव चुकीचं ठाऊक असेल."

त्यालासुद्धा! ज्याची भाकरी गेली त्यालासुद्धा शेवटी वाटलं की माझेच कान चुकत असतील.

भाऊ म्हणाला, "माफ करा म्हणायला आलोय."

माळी म्हणाला, "दारात कशाला? जिथे लिहिलं होतं तिथे लिहा." आणि आत गेला. बायकोने उरलेलं अर्धं दार लावलं.

पुढच्या रविवारी मोजणी झाली नाही. फाटकाशी जमलेले सगळे उभे, आणि भाऊ फळ्यावर लिहितोय. त्याचं अक्षर बारीक, पावत्यांवर लिहायची सवय. वरचं तांबट-दयाळ तसंच ठेवून त्याने खाली कोपऱ्यात लिहिलं. बाई आल्या नव्हत्या. मला वाचता येत नाही, बँकेतल्या काकांनी वाचून दाखवलं. फुलटोच्या बागेतून गेलाच नव्हता. मला ऐकू येत नव्हतं. माळ्याचा दोष नाही. खाली सही.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. माळी. उतरला, स्टँड लावला, कोपऱ्याजवळ वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं. म्हणाला, "घड्याळजी, गेला लिहिलंत तेव्हा एवढं एवढं अक्षर होतं." हाताने दाखवलं, वीतभर. "आता मुंगीएवढं का? नोकरी काही मुंगीएवढी गेली नव्हती माझी."

दुर्बीणवाली फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. भाऊ लाल झाला. त्याने फडकं शोधलं, मिळालं नाही, मग शर्टाच्या बाहीने अख्खा फळा पुसला. तांबटही गेला, दयाळही गेला. आणि वरपासून खालपर्यंत लिहिलं. खडू दोनदा मोडला.

ते वाचून काही लोक हसले, हो. पोरं दुकानासमोरून जाताना चिव चिव करून विचारायला लागली, आलं का ऐकू? भावजय झाडू घेऊन धावायची. फेरीतले तिघे यायचे बंद झाले. पेपरवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, यात बातमी काय आहे.

फळा लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भाऊ आणि माळी दोघं बागेच्या ऑफिसात गेले. मी होतेच बरोबर, मला कुठे घरी करमतंय. एकाच बाकावर दोघं बसले, मधे मी आणि माझी काठी. तासभर बसलो. मग कारकुनाने मान वर केली. "तुम्ही दोघं एकाच कामाला आलात का?"

भाऊ हो म्हणणार तेवढ्यात माळी म्हणाला, "एकाच कुठल्या? हे चुकले म्हणून आलेत. मी बरोबर होतो म्हणून आलोय. वेगवेगळे कागद घ्या."

कारकुनाने दोन कागद दिले. भावाने आपला लिहिला. माझा भाऊ, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणारा, तो एक एक अक्षर जपून काढत होता. लिहून झाल्यावर त्याने तो आधी माळ्याला वाचायला दिला. माळ्याने बोट ठेवून ठेवून वाचला, एके ठिकाणी थांबला, म्हणाला, "एकोणीस वर्षं लिहा. अठरा नाही." भावाने खोडून एकोणीस केलं.

एक तारखेपासून माळ्याला परत घेतलं.